गोष्ट नसलेलं पुस्तक

कळंबच्या एका लग्नात शांतारामभाऊंनी नवरदेवाच्या वडिलांना घोड्याचं वय दातांवरून कसं ओळखतात ते समजावून सांगितलं. चूक एवढीच झाली की सांगताना ते त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

कर्जतला भाऊंची भातगिरणी होती. मी शाळेत मास्तर, आणि संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं द्यायला बसत असे. भाऊंची मागणी एकच. "मास्तर, गोष्ट नसलेलं द्या." कादंबऱ्यांवर त्यांचा राग होता. "कोन कुठली बाई रडते, आन् आपन झुरायचं?" बाकी विषय कुठलाही चाले. मधमाश्या, भूकंप, विषारी साप, काहीही.

वाचलेलं मात्र साऱ्या गावाला भोवायचं. शरीरशास्त्राचं पुस्तक नेलं त्या महिन्यात निम्म्या बाजाराची यकृतं सुजलेली निघाली. मधमाश्यांचं नेलं तेव्हा त्यांनी गिरणीत पोळंच आणून ठेवलं. खालापूरहून भात घेऊन आलेला गाडीवान पोतं टाकून पळाला.

"पळू नको रं," भाऊ मागून समजावत होते. "डंख मारला की माशी सोता मरते."

"मंग आदी तुमी घ्या मारून," तो लांबूनच म्हणाला.

एकदा मुदत उलटलेलं पुस्तक मागायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी द्वारकावहिनी अर्धांगवायूनं कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या, हे ऐकून होतो. भाऊ त्यांना पेज भरवत होते आणि मधेमधे ज्वालामुखी सांगत होते.

"बास," वहिनी म्हणाल्या. "डोंगर जरा निवू द्या. उद्या कुठं नेनार?"

"समुद्राच्या तळाला."

"तितं लुगडं भिजंल माजं."

"पुस्तकात बगून सांगतो," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

मी पुस्तक न मागताच परतलो.

त्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. भाऊ वाचनालयात येईनासे झाले. मग एका संध्याकाळी आले आणि काही न मागता बाकावर बसले. मीच पक्ष्यांवरचं एक पुस्तक काढून समोर ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते उघडलं.

वाचनालय बंद करायची वेळ झाली. मी कुलूप हातात घेतलं, तरी भाऊ उठेनात.

"मास्तर, घरी जायची घाई हाय?"

"नाही. का?"

"हे पक्षी हिमालय वलांडून येतात म्हनं." त्यांनी पानावर बोट ठेवलं होतं. "कुनाला तरी सांगाया पायजे ना."

मी कुलूप टेबलावर ठेवलं आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. "एवढ्या उंचावरून कसे येतात?"