दर टाक्यामागे दोन दिवस

अभिलेख कक्षातल्या वरिष्ठ लिपिकांच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा ते कार्यालयीन कर्तव्यच बजावत होते, म्हणजे सर्वांत खालच्या फळीवरचा गठ्ठा उचलत होते. डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ गेली. चार महिने गोळ्या, कमरेचे पट्टे आणि सहकाऱ्यांचे फुकटचे सल्ले पचवून ते सर्जनपुढे उभे राहिले. बसणं जमतच नव्हतं.

सर्जनने दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. नखाएवढं छिद्र, एक टाका. कळ थांबली, लिपिक दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आले आणि कित्येक महिन्यांनी बायकोशी हसून बोलले. मात्र सहा आठवडे वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

रजेचा अर्ज गेला. नियम स्पष्ट होता: शस्त्रक्रियेनंतर दर टाक्यामागे दोन दिवस रजा. कामचुकारांना चाप बसावा म्हणून त्याचा मसुदा दहा वर्षांपूर्वी खुद्द लिपिकांनीच केला होता, आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

रजा अधिकाऱ्याने जखम पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"साहेब, आत सगळं मोठ्या ऑपरेशनइतकंच केलंय हो," लिपिक म्हणाले. "गादीचा तुकडा काढलाय."

"आतलं रेकॉर्डवर येत नाही," अधिकारी म्हणाला. "टाका दिसला पाहिजे, हे तुम्हीच लिहिलंय."

लिपिक तडक सर्जनकडे गेले आणि, शोभेचे का होईना, वीस टाके वाढवून देण्याची त्यांनी विनंती केली. सर्जनने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. घरी भेटायला आलेली मंडळीही ती इवलीशी चिकटपट्टी पाहून हिरमुसली. मेहुणा तर चहा न घेताच उठला.

"अहो, खड्ड्यात गेला तो नियम," बायको म्हणाली. "जाऊ नका."

पण दहा वर्षं दुसऱ्यांना लावलेला नियम स्वतः कसा मोडायचा? दोन दिवस संपताच ते हजर झाले, दुपारपर्यंत सत्तावीस गठ्ठे उचलले आणि अठ्ठाविसावा उचलताना तिथेच आडवे झाले.

या वेळी पाठ चांगली वीतभर उघडावी लागली. टाके एकवीस. सहा आठवड्यांची रजा तासाभरात मंजूर झाली, अधिकारी जातीने भेटून गेला आणि मेहुण्याला गहिवर आवरेना. डावं पाऊल तेवढं आता उचललं जात नव्हतं. त्याची चौकशी कुणी केली नाही, कारण पावलावर टाका नव्हता.

वाचकहो, खरं सांगा, तुम्हीसुद्धा एका टाक्याला हसलात आणि एकवीस म्हटल्यावरच हळहळलात ना?