दर्यापारची पैदाइश

नलिनीचा मुलकी दाखल्याचा अर्ज तहसील कचेरीतून परत आला, तो एक जादा कागद पोटाला टाचून घेऊनच. त्यावर जांभळ्या शिक्क्याखाली दोनच ओळी होत्या : "अर्जदाराच्या आजोबांचा जन्म समुद्रापलीकडे झाल्याचे दिसते. तरी तेथील जन्माचा दाखला आणून दाखल करावा."

तिच्या वडिलांनी, अच्युतराव मास्तरांनी, त्या ओळी उभ्यानं वाचल्या, मग येरझारा घालत वाचल्या, मग उजेड कमी पडतोय म्हणून अंगणात जाऊन वाचल्या. मजकूर काही बदलेना.

"अगं, ऐकलंस का?" ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "आपले नाना समुद्रापल्याडचे निघाले."

अन्नपूर्णाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "कोन म्हणतंय?"

"सरकार म्हणायलंय."

"मग असतील. जेवायला बसा."

पण मास्तरांना जेवण कसलं सुचतंय! हुमनाबादच्या मुलींच्या शाळेत नलिनीची नेमणूक झाली होती. घराण्यात पगाराची नोकरी मिळवणारी पहिली बाई ती. मात्र पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आली तरी निजामाच्या वेळचा एक नियम कायम होता : नोकरी मुलखातल्या माणसालाच. घराणं मुलखातलं असल्याचा दाखला तीस तारखेच्या आत आला नाही, तर यादीतल्या दुसऱ्या नंबरला बोलावणं जाणार होतं. आणि आज होती अकरा.

बरं, नानांना विचारावं तर ते मास्तर चार वर्षांचे असतानाच पटकीनं गेलेले. त्यांची उभी नोकरी औरादच्या कचेरीत झाली. ते गेल्यावर आई पोराला घेऊन माहेरी हुमनाबादला आली आणि नानांचा सगळा इतिहास औरादलाच राहिला. आता त्यांना पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे आईची धाकटी बहीण सत्यभामामावशी. मास्तर चप्पल न घालताच तिच्याकडे निघाले.

मावशीनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "तरीच! भावजींना मीठ फार लागायचं रे. ताटात वाढलं की आनखी मागायचे. कामून ते आज कळालं बघ."

"मिठाचं राहू दे गं. कुठं जन्मले, ते कधी बोलले का?"

"आमी पल्याडचे, असं म्हणायचे सदा. आता पल्याड म्हंजे कशाच्या पल्याड, ते मी कामून इचारू? मला वाटलं, असंल कुठलं गाव." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अच्युता, समुद्र ओलांडलेल्याच्या पोटचा तू. तुला प्राचित्त घ्यावं लागंल. तवर माझ्या माठाला हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी पुराणिक आले. त्यांच्यापुढे निराळाच पेच होता. समुद्र ओलांडून गेलेल्याला प्रायश्चित्त आहे, पण पलीकडेच जन्मून अलीकडे आलेल्यानं तो ओलांडला असं धरायचं की तो नुसता घरी आला असं? शास्त्रात दोन्ही बाजू निघत होत्या. शेवटी मास्तरांनी दोन्ही बाजूंनी एकेकदा पंचगव्य प्यायलं आणि तोंड वाकडं करून थेट शाळेत गेले.

शाळेच्या भिंतीवर नकाशा होता निजामाच्या मुलखाचा, आणि त्यात औषधालाही समुद्र नव्हता. हेडमास्तरांच्या कपाटातला जुना ॲटलास काढला तर सगळा समुद्रच समुद्र. मास्तरांनी त्यातली तीन बंदरं निवडली, रंगून, एडन आणि झांजिबार, आणि तिन्हीकडच्या मुख्य अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली : 'माझे वडील कै. भीमसेनराव आपल्याकडे जन्मले असल्यास कृपया उलट टपाली कळवावे.'

पोस्टमास्तरनं पाकिटं उलटसुलट करून पाहिली. "मास्तर, हे एडन कोनत्या तालुक्यात येतंय?"

"समुद्रापल्याड."

"मग तिकिटं जास्त लागतील," पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अच्युतराव मास्तरांचं घराणं मूळचं आफ्रिकेचं.

पत्रं गेली, पण उत्तरं काही येईनात. मास्तरांची झोप उडाली, बसणं उडालं. वर्गात फळ्यावर बेरीज मांडायची आणि उत्तर लिहायच्या आत खिडकीतून टपालवाला बघायचा. शाळा सुटली की तडक कचेरी गाठायची. तिथं भाषांतराच्या टेबलावर दामले बसत. जुन्या उर्दू दप्तराची भाषांतरं करायला सरकारनं त्यांना मुंबई इलाख्यातून मागवलं होतं. मुलखातला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवायला माणूस बाहेरूनच आणावा लागला, यात सरकारला काही वावगं वाटलं नव्हतं.

दामले हर्णैचे. माणूस भला होता, पण घरच्या आठवणीनं हैराण झालेला. समुद्राचा विषय निघाला की त्यांचं तोंड बंद होत नसे.

"अहो मास्तर, तुमचे वडील नशीबवान हो! समुद्रापलीकडे जन्म म्हणजे काय! आमच्या बंदरात गलबतं यायची ना, नुसती नजर ठरत नसे..."

"ते खरंय, साहेब. पण आज बावीस तारीख हाय."

"येईल, येईल पत्र. समुद्राचा मामला. वारा अनुकूल पाहिजे."

सव्वीस तारीख आली. वारा अनुकूल झाला नव्हता. त्या दिवशी मास्तर घरी आले आणि भिंतीला टेकून म्हणाले, "पोरी, तुझी नोकरी माझ्या बापापायी जायलीय. त्या माणसाचं तोंड मला आठवत न्हाई, अन् हिकडं त्याला साऱ्या जगात हुडकायलोय." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

नलिनी इतके दिवस गप्प होती. बाप धावत होता तोवर त्याला थांबवायचं तिच्या जिवावर आलं होतं. आता ती म्हणाली, "अप्पा, रडू नका. मला एक सांगा, मूळ कागदावर शब्द काय हाय?"

"समुद्र. दुसरं काय?"

"ते भाषांतर झालं. उर्दूत काय लिवलंय?"

मूळ कागद बघावा, हे पंधरा दिवसांत मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिक्का बसलेल्या कागदावर शंका घ्यायची त्यांच्या पिढीला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच बापलेक पायरीवर हजर. दामल्यांनी कुरकुरत कपाट उघडलं, औरादच्या जुन्या दप्तराचा रुमाल सोडला आणि पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. "हे बघा. पैदाइश, म्हणजे जन्म, दरयापार. दर्या म्हणजे समुद्र. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"हर्णैच्या पोराला असंल, साहेब," नलिनी म्हणाली. "उर्दूत दरया म्हंजे नदी. समुद्राला समंदर म्हणत्यात."

मास्तरांनी स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला. जन्मभर शिकले ते उर्दूत, वीस वर्षं शिकवलं ते उर्दूत, आणि या एका शब्दासाठी शेणामुताचं पाणी दोनदा प्यायले ते पुराणिकांसमोर मराठीत!

दामल्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी लगेच हार मानली नाही. "बरं, नदी तर नदी. पण कोणती? भीमा असली तर पलीकडे मुंबई इलाखाच. मग समुद्र काय नि नदी काय, तुम्ही बाहेरचेच!"

मास्तरांचा हात पुन्हा कपाळावर गेला. नलिनी मात्र कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभी होती. "कागद लिवलाय औरादला बसून. औरादच्या मानसाला पार करायला मांजरा नदीच हाय. अन् तिथून मांजराच्या पल्याड म्हंजे आपलं हिकडं. माझे आजोबा हितलेच हो, साहेब."

दामल्यांनी कागद पाहिला, नकाशा पाहिला, आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"बाई, जरा हळू बोला," ते कुजबुजले. "तुमचं दुरुस्त करायला हरकत नाही हो. पण औरादच्या प्रत्येक वहीत हाच शब्द आहे. मी आजपर्यंत एकशे सत्तावीस माणसं समुद्रापलीकडे पाठवली आहेत. एक परत आणलं की बाकीच्यांबद्दल विचारतील. मला नोकरीवरून काढून परत हर्णैला धाडतील आणि म्हणतील, बस आता दर्याच्या कडेला!"

"माझा कागद आता दुरुस्त करा," नलिनी म्हणाली. "बाकीच्या वह्या मी रोज शाळा सुटल्यावर येऊन वाचून देते. कुनी इचारायच्या आत सगळ्यांना घरी आणू."

दामल्यांनी टाक बुडवला. 'समुद्रापलीकडे' खोडून 'मांजरेच्या दक्षिणेस' असं लिहिलं, आणि दुपारी चार वाजता दाखल्यावर तहसीलदारांची सही झाली. मास्तरांनी तो दाखला तीनदा वाचला. पोर आता शाळेतली बाई होणार! घरी धावत जाऊन अन्नपूर्णेला सांगावं, मावशीच्या माठातलं पाणी हक्कानं प्यावं, असं त्यांना झालं होतं.

ते कचेरीच्या ओसरीवर आले तर पायरीवर निर्णा गावचा शिवाप्पा धनगर कागद घेऊन बसलेला. सडकेच्या कामावर चौकीदाराची जागा मिळाली म्हणून दाखला काढायला आलेला. मास्तरांना बघून तो उठला.

"मास्तर, येवढं वाचा की. आठ दिस झाले हिंडायलोय. साहेब म्हंतोय, औरादच्या चराईच्या वहीत तू समिंद्रापल्याडचा हायस. घरी बायको, बाणूबाई, रडायलीय, परमुलखाच्या मानसाला आपल्याला दिली म्हनून."

मास्तर हसू दाबत म्हणाले, "शिवाप्पा, तुझं काय म्हणणं?"

शिवाप्पानं डोकं खाजवलं. "साहेब शिकलेला मानूस, खोटं कशाला बोलंल? पर मेंढरं घेऊन औरादकडं जातो तवा मधी मांजराच तेवढी लागती बगा. उन्हाळ्यात पानी घोट्याइतकंच असतंय. समिंद्र समिंद्र म्हंत्यात, ते येवढंच असतंय व्हय?"