कर्नलची पांढरी वाईन आणि आमचे मासे

मला काही सांगायची हौस नाही. नात विजयमाला मागं लागली, "आजोबा, लिहाच." लिहा म्हणायला हिचं काय जातं? माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. तेव्हा अक्षराला कुणी हसायचं नाही.

चव्वेचाळीस साल. नगरच्या छावणीत एका कॅप्टनच्या बंगल्यावर मी वाढप्या होतो. कर्नल दुपारी जेवायला येणार होता. साहेब म्हणाला, "सूर्यभान, कर्नल खूश झाला तर तू बटलर. बटलरच्या कमरेचा लाल पट्टा तुझा." (मी लगेच आरशासमोर पोट आत घेऊन पाहिलं.)

दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली पांढरी वाईन होती, तीन बाटल्या. ती गार पाहिजे आणि बरोबर मासे, असा हुकूम. नेमका खानसामा तापानं आडवा. मी एक बाटली हळूच उघडून चमचाभर चाखली. कैरीसारखी आंबट, जिभेला टचकन लागणारी. म्हटलं, हिच्यासंगं साहेबलोकांचा उकडलेला फिका मासा? छट्! तिखट पाहिजे. मासे घरूनच करून आणू.

एवढंच ठरवलं, बाकी आपोआप झालं.

बर्फ आला नाही, म्हणून बाटल्याही जवळच भिंगारला घरी नेल्या आणि दोरीनं विहिरीत सोडल्या. तेवढ्यात आमची कारभारीण छबूबाई घागर घेऊन आली.

"ह्ये काय सोडलंय इहिरीत?"

"द्राक्षाचं पानी."

"दारू हाय ती! पिन्याच्या पान्यात दारू?"

"अगं, बुचं घट्ट लावल्याती."

"तुमच्या डोक्याचं बूच कवाच उडालंय, त्याचं काय?"

मासे तिनं केले, पण सगळा राग पाट्यावर काढला. मिरच्या किती वाटल्या ते मला दिसलं नाही. डोळे उघडतच नव्हते.

कर्नलनं पहिला घास घेतला. कान तांबडे झाले, मिशा थरथरल्या. मी मनातल्या मनात पट्टा सोडला. त्यानं पेला उचलला, एका दमात रिकामा केला, "आहा!" म्हणाला आणि पुन्हा माशाला हात घातला. घास, घोट. घास, घोट. तिन्ही बाटल्या संपल्या.

"फ्रान्सात प्यालो, पण ही वाईन अशी कधी लागली नाही! ही अक्कल कोणाची?"

माझी! आंबटाला तिखट, ही जोडी मी लावली. विलायतेच्या खानसाम्यांना जे जमलं नाही ते भिंगारच्या सूर्यभाननं केलं. हे मी आजही चारचौघांत छाती काढून सांगतो.

पण छबूबाई भांडी न्यायला दारात उभी होती. कॅप्टनला मराठी येत होती. मी तोंड उघडायच्या आत त्यानं तिलाच विचारलं.

"म्याच केलं सायेब," ती म्हणाली. "ह्यांनी निस्तं ताट उचाललं. आन् त्येबी वाकडं."

दुसऱ्या दिवसापासून बंगल्यावर रांधायला छबूबाई. लाल पट्टाही तिलाच. तिनं तो लुगड्यावरून बांधला. मला तिच्या हाताखाली मासे साफ करायला ठेवलं.

कर्नल गेला, कॅप्टन गेला, त्यांच्यावर माझा राग नाही. माझी माफी मागायची राहिली आहे ती एकीनंच. जी आजही मला जेवायला वाढताना म्हणते, "बसा, बटलरसायेब!"

छबूबाई.