मेंढवाड्यातले वीस दात

विजापूरचे लग्न आटोपून डॉक्टर रुद्रप्पा सात रस्त्यावरच्या दवाखान्यात परतले, तेव्हा टेबलावरची बरणी जागेवर नव्हती. पुण्याच्या दंतपरिषदेला चार दिवस उरले होते. बरणीतल्या पाण्यात माणसांचे उपटलेले वीस दात होते आणि प्रत्येकावर तार अडकवायचे पोलादाचे चिमुकले ब्रॅकेट चिकटवलेले होते. वाकडे दात ओढून सरळ करायचे, तर त्या काळी दातादाताभोवती धातूची पट्टी ठोकून बसवीत. ब्रॅकेट थेट दातावर चिकटवले तरी टिकते, हे रुद्रप्पांना सिद्ध करायचे होते. त्यासाठी एकही जिवंत तोंड सोलापुरात उघडायला तयार नव्हते. म्हणून वर्षभर त्यांनी मेलेल्या दातांवर जीव लावला होता.

"बरणी मीच दिली," दवाखान्यातली मदतनीस दाक्षायणी म्हणाली. "ज्यांचे दात, त्यांना नकोत का द्यायला?"

माढ्याकडची गोजाबाई आली होती. महिन्यापूर्वी तिची दाढ इथेच काढली होती. अंगावेगळे झालेले काही परक्या घरी ठेवायचे नाही, आपल्याच मातीत पुरायचे, अशी तिच्या घराण्याची रीत. दाढ सोलापुरात राहिली म्हणून थोरले दीर तात्याबा तिच्या हातचे पाणी घेईनासे झाले होते. दाक्षायणीने बरणी पुढे केली. पण ब्रॅकेट ल्यालेल्या त्या वीस जणांत आपली दाढ कोणती, हे गोजाबाईला ओळखता येईना. तेव्हा ती म्हणाली, "समदेच नेते. त्यात माजी असंलच की." दाक्षायणीला हे तत्काळ पटले. पिण्याच्या माठाशेजारी टेबलावर असलेली ती बरणी तिलाही बरेच दिवस खुपत होती.

रुद्रप्पांनी पहाटेची एसटी गाठली. गोजाबाईने कसलीही लपवाछपवी केली नाही. कुत्री उकरतील म्हणून दात मेंढवाड्यात पुरले होते, आणि तीन रात्री त्यांच्यावर दीडशे मेंढरे बसली, उठली आणि बाकीचेही सारे करून गेली होती. टेरिलिनच्या पँटीनिशी रुद्रप्पा लेंड्यांत गुडघे टेकून बसले. गोजाबाईने चाळण आणली. ऊन डोक्यावर आले, तेव्हा विसावा दात हाती लागला.

धुऊन त्यांनी एकेक ब्रॅकेट चिमट्याने ओढून पाहिले. दोन निघाली. अठरा जागची हलली नाहीत. खुरांखाली, मुतात, मातीत राहूनही हलली नाहीत. त्यांना वाटले, एखाद्या अंधाऱ्या खोलीला आपोआप खिडकी फुटावी तसे हे आहे. आणि लगेच दुसरी विवंचना उभी राहिली, की परिषदेत वाचायच्या निबंधात मेंढवाड्याला इंग्रजीत काय म्हणावे.

वहीतल्या खुणेवरून त्यांनी गोजाबाईची दाढ शोधून तिच्या हातावर ठेवली. तिने ब्रॅकेट नखाने उचकटून पाहिले.

"मेंढरांनी तुडवूनबी निघंना," ती म्हणाली. "मग आमच्या मायाक्काला लावा की हे."

छपराच्या मेढीला टेकून तेरा वर्षांची नात उभी होती. ओढणीचे टोक तोंडावर गच्च दाबलेले. वर्षभर न मिळालेले जिवंत तोंड समोर उभे होते. तरीही त्यांनी प्रामाणिकपणे अडचण सांगितली. दात कोरडे राहायला हवेत. अर्धा तास तोंड उघडे ठेवून अक्षरही बोलायचे नाही. पोरीला जमेल का?

"न बोलायचं लई जमतंय तिला. दात दिसत्याल म्हून दोन वर्सं झाली, कुनाशी बोलत न्हाय."

मायाक्काने ओढणी खाली घेतली. पुढचे दोन दात एकमेकांवर चढून बसले होते.

"डॉक्टर," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सोलापूरची एसटी किती वाजता हाय?"