दोन दातांचा पंचनामा

वासुदेवभाऊंचे समोरचे दोन दात पडले, तेव्हा त्यांनी आधी दातांभोवती दगड मांडले.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी मी मूल गावच्या कॉलेजला निघाले होते. गावाबाहेर नाल्याच्या वळणावर भाऊंची सायकल आडवी पडलेली, आणि भाऊ उकिडवे बसून एकेक दगड गोलात लावत होते. तोंडाला दुपट्टा, दुपट्ट्याला रक्त. मी धावले, तर त्यांनी हात वर केला.

"थांब तिथीच. खुणेवर पाय पडन."

भाऊ पस्तीस वर्षं वनरक्षक होते. वाघानं गाय मारली, डुकरांनी धान लोळवलं, की पंचनामा भाऊंचा. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. "आधी पंचनामा, मंग बाकी," हे त्यांचं वाक्य. घरी दूध उतू गेलं, तरी हा माणूस आधी पातेलं किती कलतं होतं ते बघतो, असं बाई सांगतात. बाई म्हणजे त्यांची पत्नी. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे.

"तू अठराची झाली ना?" भाऊंनी विचारलं.

"झाली. पण भाऊ, दवाखान्यात..."

"मंग तू पंच नंबर दोन."

पंच नंबर एक दूधवाला होता. त्याला घरून टेप आणि प्लास्टर आणायला पिटाळलं होतं. रानडुक्कर आडवं आलं होतं, भाऊंनी ब्रेक दाबला होता आणि तोंड दगडावर आपटलं होतं. गोष्ट एवढीच. पण अंतरं मोजली, नकाशा काढला, डुकराच्या खुराचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला. शेवटी भाऊंनी निष्कर्ष लिहिला : 'डुक्कर आपल्या वाटेने जात होते. सायकलस्वार बेसावध. डुकराची चूक नाही.' दोन्ही दात खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, रिकाम्या पन्नीत ठेवून वर तारीख टाकली. दुपार झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबलं होतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं.

सगळं इथेच फसलं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे गल्लीतले सगळे कागद माझ्याकडे येतात. मला ते कळतात असं नाही. मी ते दोनदा वाचते, एवढंच. भाऊंची आरोग्य विम्याची पॉलिसी मी तीनदा वाचली. दातांचा खर्च मिळणार नाही, असं तिच्यात होतं. मात्र अपघात झाला असेल आणि त्यासाठी किमान एक दिवस दवाखान्यात भरती असाल, तर मिळेल.

"मी भरती होतो का?" भाऊ म्हणाले.

"नाई भाऊ. तुमी पंचनामा करत होते."

त्यांनी पॉलिसीची नीट घडी घातली. मग म्हणाले, "नियम बराबर आहे."

तरी अर्ज करायचाच होता. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते. एक, काढता-घालता येणारी कवळी. दुसरा, हाडात स्क्रू बसवून पक्के दात, म्हणजे इम्प्लांट. त्याचा खर्च ऐकून भाऊंनी दुपट्टा आणखी वर ओढला, पण हवे होते तेच.

"कवळी काऊन नाई, भाऊ?"

"तपास चालू आहे."

दाव्यासोबत त्यांनी पंचनामा, नकाशा आणि ठसा जोडला. कुरियरवाल्यानं विचारलं, आत काय आहे. भाऊ म्हणाले, "डुकराचा पाय." महिन्याभरात दावा नामंजूर होऊन आला. ठसाही परत आला, त्याचं एक खूर तुटलं होतं. भाऊंनी त्याचाही पंचनामा केला.

गावातले डॉक्टर भले माणूस आहेत. ते म्हणाले, "वासुदेवभाऊ, त्या राती माह्याकडे भरती होते, असं लिहून देतो. कोण पाह्यते?"

"त्या राती मी घरी होतो," भाऊ म्हणाले. "वरणभात खाल्ला. बाई साक्षीदार आहे."

विषय संपला असं मला वाटलं. पण आठ दिवसांनी संध्याकाळी भाऊ आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरचा कागद आणून दे."

ते ओट्यावर बसले आणि दुपट्ट्याआडून बोलू लागले.

"जंगलात क्वार्टर होतं ना आमचं, तवा नाल्यापासून मी दातातून शिट्टी मारत ये. शिट्टी आली म्हंजे माणूस जित्ता आहे. बाई चहा मांडे. तिची नजर गेली, तवापासून त शिट्टीच. आता मारतो, अन् नुसती हवा निंगते. मी अंगणात येतो अन् बाई विचारते, 'कोण आहे?' चाळीस वर्साचा संसार, अन् विचारते, कोण आहे."

"विकतची शिट्टी घ्या ना, भाऊ."

"घेतली. म्हणे, कंडक्टर आला का?"

"अन् कवळी?"

"दाताच्या डॉक्टरनं घालून पाह्यली. शिट्टी मारली, त दात त्याच्या टेबलावर."

दुसऱ्या दिवशी मी कागद नेऊन दिला. भाऊंनी चष्मा लावला, कागद वाचला, पेन उघडलं. टोपण परत लावलं, परत काढलं. मग कागदावर आडवी रेघ मारून लिहिलं : 'घटना घडलेली नाही.' खाली सही, तारीख.

"अपील लिही," ते म्हणाले. "खरं कारण टाक. शिट्टीचं."

मी दोन दिवस अपील लिहिलं. चार वेळा खोडलं. मग वाचून दाखवायला गेले. भाऊ दुकानात गेले होते, बाई चुलीजवळ बसल्या होत्या. इतक्यात रस्त्याच्या वळणाकडून कसलासा आवाज आला. सायकलच्या चाकातली हवा सुटावी, तेवढाच. माझं लक्षही गेलं नसतं.

"आला बुढा," बाई म्हणाल्या. "चहा मांड वं, पोरी."

"बाई! तुमाले ऐकू आलं?"

"आंधळी आहो, भयरी नाई. पयल्या दिवसापासून येते."

"मंग 'कोण आहे' काऊन विचारता?"

त्यांनी हातानं चाचपून साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

"त्यानं सोतासाठी कदी नवा शर्ट नाई शिवला. मले समजते म्हटलं, त तसाच राह्यन बोळका. पोळी पाण्यात बुडवून खाते तो. मले आवाज येते त्याचा."

फाटक वाजलं. बाईंनी तोंड तिकडे वळवलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?"

"मीच व्हय," भाऊ म्हणाले. थकलेला आवाज होता.

चहा झाला. मी अपील वाचून दाखवलं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. नाला, शिट्टी, चहा, अंगणातला प्रश्न, सगळं त्यात होतं.

"काही सुटलं त सांग," ते म्हणाले. "तू पंच आहे."

मी बाईंकडे पाहिलं. त्या कप विसळत होत्या.

"नाई भाऊ," मी म्हटलं, "काहीच नाई सुटलं."

त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली.