विजयमालाबाईंनी कंबर सर केली त्या मोहिमेची हकीकत

श्रीगणेशाय नमः. शके अठराशे सत्तावन्न, युवा नाम संवत्सरी, मार्गशीर्ष लागल्यापासोन माघापावेतो, सुभे वऱ्हाड, तर्फ मानोरा, मौजे इंझोरी येथे जे योगाचे युद्ध जाहले, त्याच्या नाना वार्ता मुलखात पसरल्या. कोणी म्हणती जे, नानाजींच्या सुनेवर देवीची स्वारी आली. कोणी म्हणती जे, कॉलेजात शिकल्याने डोके जड जाहले आणि तोल जाऊन बाई उलटी जाहली. ऐशा बाजारगप्पांत खरे वर्तमान बुडू नये, म्हणोन घडले तैसे, हार तेथे हार आणि जीत तेथे जीत, लिहिले असे. वाचणारांनी पाठ ताठ करून बसावे.

मौजे मजकुरी राजश्री नानाजी, कपाशी आणि ज्वारीचे धनी, नांदत असत. त्यांचे पुत्र जगदेवराव आणि जगदेवरावांचे कुटुंब विजयमालाबाई, अमरावतीचे कॉलेजात दोन वर्षे शिकोन आलेल्या. बाईंची नजर ऐसी जागती जे, लेकरू शिंकण्याच्या आधी त्यांचे हाती फडके तयार, आणि लेकरू निजले तरी त्याची छाती हालते की नाही याची खबर वरचेवर घेतल्यावाचून त्यांस घास जात नसे. पहिले बाळंतपण जड गेले. लेकरू सुखरूप आले, परंतु त्या धामधुमीत कंबरेचा किल्ला हातचा गेला, आणि कंबरदुखी नामे गनीम आत शिरोन ठाणे देऊन बसला. वाकता येईना, ओझे उचलता येईना. मग तेलाचे मर्दन, विटेचा शेक आणि डाक्तराची बेलाडोनाची पट्टी ऐशी कुमक मागोमाग रवाना केली. पट्टी निघाली ती कातडे घेऊन निघाली, आणि गनीम जागचा हालला नाही.

चिरंजीव शालिग्राम यांस वर्ष भरावयाचे होते, परंतु आजीच्या हातचा तूपभात खाऊन देहाने मोठे मातबर जाहले होते. त्यांनी दोन्ही हात वर करोन मातोश्रींपाशी अर्ज गुजरावा जे, उचलोन घ्या. आणि मातोश्रींनी अर्ज नामंजूर करोन, आपण भुईस बसोन, त्यांस मांडीवर ओढावे. ऐसे चालता चालता एके दिवशी अर्जदार रांगत रांगत मातोश्रींच्या पुढून निघोन गेले आणि चुलीपाशी सासूबाई गोजराबाई उभ्या होत्या, त्यांच्या लुगड्यास धरोन हात वर केले. मातोश्रींकडे वळोनही पाहिले नाही. तो घाव कंबरेच्या बराच वर, डावे बाजूस लागला.

त्यात नानाजींनी माघात जावळाचा दिवस मुक्रर केला. ओढ्यापलीकडे महादेवाचे देऊळ, तेथे केस उतरावयाचे. आणि त्या घराण्याचा रिवाज ऐसा जे, जावळ उतरले म्हणजे लेकराने घरच्या उंबऱ्यापावेतो आईच्याच कडेवर यावे आणि वाटेत भुईस टेकू नये. गोजराबाईंनी सुनेचे तोंड पाहिले आणि अभय दिले जे, "तुले नाई जमलं तं मी आणतो कडेवर. लोकं काय, बोलतच राह्यतात." गोजराबाईंच्या पोटी माया होती, परंतु विजयमालाबाईंस ती माया तलवारीसारखी लागली, आणि त्यांनी मनात पण केला जे, माझे लेकरू माझ्याच कडेवर येईल.

माहेरून बंधूने अष्टांगयोगाचे पुस्तक धाडिले होते, ते बाहेर काढिले. त्यात यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ऐसे आठ किल्ले एकापुढे एक सांगितलेले. कंबरेची वाट तिसऱ्या किल्ल्यातून, आसनातून, जाते हे बाईंस उघड दिसत होते. परंतु कॉलेजची शिस्त ऐसी जे, पहिले दोन धडे पक्के जाहल्याविना तिसऱ्याचे पान उघडू नये. म्हणोन बाईंनी आसनास हात न लाविता आधी यमनियमांवर चाल केली, आणि येथेच मसलत चुकली.

सत्याचे निशाण उभारिले त्याच सकाळी शेजारीण पंचफुला वांग्याचे भरीत घेऊन नजराण्यास आली आणि कैसे जाहले म्हणोन पुसती जाहली. बाईंनी चाखोन निवाडा दिला जे, "जळकट आहे, आणि मिठाचा हात जास्त पडला."

पंचफुलेने वाटी उचलिली. "काहून वो, कॉलेजात जिभेले साखर लावाले नाई शिकवत काय?" ऐसे बोलोन ती निघोन गेली, आणि त्या दिशेची रसद बंद पडली.

मग अपरिग्रहाची स्वारी निघाली. जास्तीचे जे जे दिसले ते वाटोन टाकिले, आणि तिसरे प्रहरी नानाजींची घोंगडी शेतातल्या सालदाराच्या खांद्यावर दिसली. नानाजी सुनेशी समोरासमोर बोलत नसत, म्हणोन त्यांनी खांबाशी बोलोन हुकूम फर्माविला जे, या घरातले दान आजपासोन मला पुसोन व्हावे. मग संतोषाची पाळी. मांजराने दुधाचे भगुणे पालथे केले तरी बाई मंद हासोन उभ्या. हे पाहोन जगदेवराव हवालदिल जाहले आणि अर्ज करिते जाहले जे, "अवो, तू भांडत जाय. असं गप्प गप्प पाह्यलं का मले भेव वाटून राह्यलं."

येणेप्रमाणे मार्गशीर्ष सरला, घर घायाळ जाहले, आणि कंबरेत गनीम सुखरूप. तेव्हा बाईंनी शिस्त बाजूस ठेविली आणि तिसरे पान उघडिले.

युद्धास जागा कोठली, हा मोठा पेच. ओसरीवर मामंजी, मागील दारी गडीमाणसे. अखेर कापसाची खोली मुक्रर केली. वेचणीचा कापूस आढ्यापावेतो रचलेला, दार लोटिले की बाहेरचा आवाज बंद, आणि पडले तरी हाड शाबूत. तेथे चिरंजीवांस कापसाच्या खळग्यात बसवोन बाईंनी पालथे पडोन भुजंगासन घातले, मग शलभासन, मग पाय लांब करोन नाक गुडघ्यांकडे धाडिले. नाक वाटेतच मुक्काम करोन राहिले. सर्वांगासनाचे समयी पाय वर जाताच कॉलेजातून आलेले गोल पातळ सरसर खाली येऊन तोंडावर पडले, बाईंस दिसेनासे जाहले, आणि बाई पातळासुद्धा कापसात बुडाल्या. चिरंजीवांस ही लढाई फार पसंत पडली, आणि त्यांनी टाळ्या वाजविल्या.

तो गलका ऐकोन गोजराबाई दारात आल्या. "सूनबाई, हे काय करून राह्यली?"

"आसनं, आत्याबाई. आधी भुजंगासन केलं. भुजंग म्हणजे साप."

"साप झाल्यानं कंबर बरी होते?"

"होते म्हणतात."

गोजराबाईंनी सुनेचे गोल पातळ न्याहाळिले. मग फर्मान सुटले जे, "मंग कासोटा तं घाल. गोल नेसून कोणी उलटं होते काय?" आणि आपले नऊवारी लुगडे आणोन, दार आतून लावोन, स्वहस्ते कासोटा खोवोन दिला. ते चिलखत अंगी चढल्यापासोन एकही पाय लज्जेने खाली आला नाही. पौष अर्धा जाता जाता झोप गाढ येऊ लागली, उठताना भिंत धरणे सुटले, भरली कळशी चुलीपावेतो जाऊ लागली. तोटाही लिहिणे प्राप्त आहे: पद्मासनाचे हट्टाने डावा गुडघा रुसला तो अद्याप जिना उतरताना कुरकुरतो.

मग चौथा किल्ला प्राणायाम. एके दिवशी न्हाऊन केस मोकळे, केसांत कापूस, आणि बाई भाता चालवावा तैसा श्वास सोडत बसल्या होत्या. पंचफुला भरताचा राग विसरोन ताक मागण्यास आली, तिने फटीतून पाहिले, आणि त्याच पावली गल्लीत जाऊन जाहीर केले जे, नानाजींच्या सुनेच्या अंगात आले. घटकेत बाया हळदकुंकू घेऊन हजर. त्यांत तांड्यावरची रुपाबाई, कापूस वेचणीस येत असे, तीही होती. तिची म्हैस पोहरादेवीच्या वाटेवर सुटली होती. तिने नारळ पुढे ठेवोन हात जोडिले. "माय, मही म्हैस कोठी गेली तेवढं सांग."

बाईंनी डोळे उघडिले. "अहो, मला काय ठाऊक? मी श्वास घेत होते."

"आई कौल देऊन नाई राह्यली," पंचफुला हळूच बोलली. "परीक्षा पाह्यते."

म्हैस सांजेस आपले पायी घरी आली. झाले! दुसरे दिवशी दारी दर्शनाची फौज लोटली. कोणाचा ताप, कोणाचा जावई, कोणाची गाय आटलेली. आसनांस जागा उरेना, आणि माघ तर तोंडावर आला. तेव्हा गोजराबाई काठी घेऊन कापसाच्या खोलीपुढे चौकीस बसल्या आणि डंका पिटिला जे, "देवी नाई, कंबर हाय तिची! जा आपापल्या घरी." काही उठोन गेल्या, काही मात्र कंबरेस हळदकुंकू वाहोन गेल्या.

पाचवा किल्ला प्रत्याहार. डोळे-कान बाहेरून ओढोन आत कोंडावे, ऐसी त्याची रीत. बाईंनी डोळे मिटिले, तो उजवा कान चिरंजीवांकडे. कान वळविला, तो डाव्या डोळ्याची पापणी फितूर. मोठ्या जुलमाने दोन्ही बंद केले, आणि क्षणमात्र खरोखरीच सामसूम जाहले. त्या सामसुमीने बाई दचकल्या. डोळे उघडोन पाहतात तो चिरंजीवांनी कापसाचा बोळा मुखात घालोन घशाकडे रवाना केला आहे, आणि मुद्रा लाल. बाई उठल्या, वाकल्या, लेकरू उचलिले, खांद्याशी घेतले, बोटाने बोळा काढिला. चिरंजीवांनी टाहो फोडिला. तो टाहो ऐकोन बाईंचे प्राण जागी आले, आणि मग ध्यानी आले जे, आपण उभ्या आहो आणि लेकरू आपल्या हातांत आहे. त्यांनी गोजराबाईंस हाक मारिली. गोजराबाईंनी दारातून पाहिले आणि काठी भिंतीशी टेकोन ठेविली.

पाचव्या किल्ल्यास वेढा त्याच दिवशी उठविला, पुनः घातला नाही. पुढील तिहींकडे फौज गेलीच नाही.

माघात जावळाचा दिवस उजाडला. देवळापाशी न्हाव्याने केस उतरिले, चिरंजीवांनी आकांत करोन ओढा दुमदुमविला, तुळतुळीत डोकीस गंध माखिले, आणि विजयमालाबाईंनी नऊवारीचा कासोटा तपासोन त्यांस कडेवर घेतले. पुढे वाजंत्री, मग नानाजी, मग जगदेवराव, मग बाई, आणि बाईंच्या पाठीस पाऊलभर अंतरावर गोजराबाई. ओढ्याचे धोंडे पार जाहले. परंतु चढण लागताच गनिमाने दबा सोडिला. कंबरेत ऐसी कळ उठली जे, बाईंचे पाऊल थांबले आणि मुद्रेचा रंग उतरला. वाजंत्री पुढे गेली. आया-बाया उभ्या राहोन पाहू लागल्या.

गोजराबाई शेजारी आल्या आणि हात पुढे केले. "दुखते काय?"

"दुखतंय, आत्याबाई."

"मंग दे इकडे."

"देत नाही."

गोजराबाईंचे हात तैसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते मागे घेतले, सुनेच्या लुगड्याचा खालचा काठ जमिनीस अडत होता तो खोवोन दिला, आणि आज्ञा केली जे, "खाली पाहून पाय टाक. घाई नोको करू." मग श्वास आत, एक पाऊल; श्वास बाहेर, एक पाऊल; ऐसी ती चढण चालली. लोक म्हणती, सुनेची चाल राणीसारखी संथ. आत काय चालले होते ते कंबरेस ठाऊक.

उंबऱ्यावर पंचफुलेने भाकरतुकडा ओवाळोन टाकिला आणि बाई लेकरासुद्धा घरात आल्या. रिवाज पुरा जाहला. नानाजींनी खांबास सांगितले जे, लेकरू आईच्या कडेवर आले, ही गोष्ट ठीक जाहली. चिरंजीव रडोन रडोन आईच्या खांद्यावर निजले होते आणि लाळेने चोळी भिजली होती.

"आता ठेव ना वो त्याले खाली," जगदेवराव बोलिले.

बाई जागच्या हालल्या नाहीत.

"अवो, ठेव ना."

"वाकता येत नाही," बाई बोलिल्या.

जगदेवराव पुढे जाहले जे, मी घेतो. बाईंनी मान हालविली. गोजराबाईंनी लेकास डोळ्याने मागे सारिले, आणि चुलीपाशी जाऊन ताटात पुरणपोळी, वर तूप, ऐसे घेऊन आल्या. मग पंगत ओसरीवर बसली असता, सून मधल्या घरात उभी, आणि सासू तिच्या मुखी घास देत उभी, ऐसा तो जेवणाचा समारंभ जाहला. दोघींत भाषण जाहले ते इतकेच:

"गोड हाय काय?"

"गूळ थोडा कमी पडला, आत्याबाई."

"खाय गुपचूप."

येणेप्रमाणे कंबर सर जाहली. गनीम समूळ गेला ऐसे नाही. अमावास्येस आणि धुण्याचे दिवशी अद्याप छापा घालितो, आणि डावा गुडघा त्यास सामील आहे. आठांपैकी किल्ले पुरते हाती आले ते थोडे, आणि जे आले त्यांची वरचेवर डागडुजी लागते. परंतु माघ मासी, इंझोरीचे मुक्कामी, दिवेलागण होईतो विजयमालाबाई उभ्या होत्या आणि चिरंजीव कडेवर निजले होते, हे सर्वांनी पाहिले. फत्ते जाहली. हकीकत रुजू असे.