कप्तान घरी पोचतो

ऑफिसात डबा संपला की शेखरराव जिन्याखाली उभं राहून घोटीला फोन लावत आणि थोरल्या बहिणीला अर्धा तास अवकाशात फिरवून आणत.

चिमणाअक्काचे गुडघे गेले होते. मेहुणे वारल्यापासून ती खाटेवरून फारशी उठतच नव्हती. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणे, "आता चालून जायचंय कुठं?" लहानपणी दोघांनी टीव्हीवर एका अवकाशयानाची परदेशी मालिका श्वास रोखून पाहिली होती. त्याच मालिकेवरचं जपानी चित्रपुस्तक, ज्याला हल्लीची मुलं मांगा म्हणतात, शेखररावांना त्यांच्या मुलीनं, पायलनं, वाढदिवसाला दिलं. इंग्रजीत होतं, पण निम्मं काम चित्रंच करत होती. शेखरराव रोज दहा-बारा पानं वाचत आणि दुपारी अक्काला सांगत.

गोष्ट विलक्षण होती. सुरुवातीलाच कप्तान मेलेला, काचेच्या पेटीत निजलेला. मग हळूहळू त्याची जखम मिटली, तो उठला, फुटलेलं यान आपसूक सांधलं गेलं आणि सगळे ताऱ्यांच्या धुक्यातून घराकडे निघाले. माणसं आधी उत्तर देत, मग प्रश्न विचारत. अवकाशात तशीच रीत असेल, असं शेखररावांनी धरलं. पलीकडून अक्काचा आवाज यायचा, अर्ध्या झोपेतल्यासारखा, "मंग रं?"

शेवटच्या पानावर कप्तान आपल्या अंगणात आईच्या हातचं जेवत होता. ते ऐकून अक्का खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "शेखर, डॉक्टरची तारीख घे."

शेखरराव तरंगतच घरी आले. पायल म्हणाली, "पण पप्पा, कप्तान शेवटी मरतो."

"शेवटी कुठं? सुरुवातीला मरतो."

पायलनं पुस्तक हातात घेतलं. "हे जपानी पद्धतीनं उजवीकडून उघडायचं असतं. तुम्ही मागून पुढे वाचलंत. इथं मोठ्या अक्षरात लिहिलंय बघा, थांबा, तुम्ही उलट्या दिशेनं निघाला आहात."

"ते मला वाटलं कप्तानाला सांगतायत," शेखरराव म्हणाले. "यान वळलंही लगेच."

तोवर अक्कानं गोष्ट गल्लीभर केली होती. शेजारच्या धोंडाबाईनं त्या बळावर मोतीबिंदूची तारीख घेतली होती. एका मेलेल्या कप्तानाच्या भरवशावर घोटीतले दोन गुडघे आणि एक डोळा उभे होते. रविवारी शेखरराव एसटीनं घोटीला गेले आणि ओसरीवर टेकून सगळं कबूल केलं.

अक्का तांदूळ निवडत होती. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "शेवटचा भाग लागला तवा तू तापात व्हतास. मी एकटीनं पाह्यला. सकाळी तू इचारलंस, मी म्हनले, पोचला सुखरूप."

"मग इतके दिवस ऐकत का राहिलीस?"

"मला वाटलं, माज्यासाठी मनानं रचतोस. भाऊ इतकं गोड खोटं बोलतोय, त्याला नाय कसं म्हनायचं?"

"मी खरंच खोटं बोलत नव्हतो, अक्का."

"असू दे. तारीख घेतली ना, मंग जायचं. धोंडाबाईला मातर सांगू नको. तिचा डोळा व्हईस्तोवर कप्तान जिता ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात धोंडाबाईच भिंत चाचपत आली. "भाऊ, घरी पोचल्यावर त्यानं काय केलं वो?"

पुस्तक तर संपलं होतं. शेखररावांनी भाताच्या खाचरांवर उतरलेल्या धुक्याकडे पाहिलं, जरा सरकून तिला बसायला जागा केली आणि सांगायला लागले.